सोडियम ११२ असताना सलाईन इतके हळू का?

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. सासूबाईंचे वय ७१, वजन सुमारे ५० किलो. रक्तदाबासाठी त्या कित्येक वर्षे टेल्मिसार्टनची नावापुढे 'एच' असलेली गोळी घेत होत्या. आठवडाभर ताप-खोकला होता, जेवण तुटले होते, अंगात पाणी टिकावे म्हणून घरच्यांनी आग्रहाने भरपूर पाणी पाजले, आणि मग त्या असंबद्ध बोलू लागल्या, चालताना झोक जाऊ लागला. रुग्णालयात सोडियम ११४ आणि पोटॅशियम ३ निघाले; एक्स-रेत उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया दिसला. पहिल्या रात्री साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या लावल्या, तर सकाळी सोडियम ११२ आले. त्यानंतर डॉक्टरांनी ते सलाईन बंद केले, पिण्याचे पाणी दिवसाला पाऊण लिटरवर आणले आणि १०० मिलीच्या छोट्या बाटलीतले दुसरे सलाईन पंपावर तासाला १५ मिली या वेगाने सुरू केले. सलाईन देऊन सोडियम उतरले कसे, एवढे कमी असताना ते एका दिवसात भरून का काढत नाहीत, उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाचे पाणी तोडणे बरोबर आहे का, आणि घरी आल्यावर मीठ वाढवावे का, अशक्तपणासाठी गावी लावतात ती पिवळी सलाईन चालेल का, असे आपण विचारले आहे.

मी अतिदक्षता विभागात काम करणारा फिजिशियन आहे. रुग्णाला मी तपासलेले नाही, त्यामुळे औषधाचा निर्णय तिथल्या डॉक्टरांचाच राहील. पण आपण दिलेल्या आकड्यांवरून एवढे निश्चित सांगता येते की त्यांनी जे केले आहे त्याला भक्कम कारण आहे, आणि ते कारण घरातल्या प्रत्येकाला कळलेले बरे.

रिपोर्टवर छापलेला सोडियमचा आकडा म्हणजे एक लिटर रक्तद्रवात किती मिलिइक्विव्हॅलंट सोडियम आहे याचे प्रमाण. सर्वसाधारणपणे ते १३५ ते १४५ असते. हा आकडा शरीरातला मिठाचा एकूण साठा सांगत नाही. आमटीत मीठ नेहमीइतकेच घातले आणि पाणी दुप्पट झाले तर ती अळणीच लागते. रुग्णालयात दिसणाऱ्या कमी सोडियमच्या बहुतांश रुग्णांची गत अशीच असते. त्यांच्या शरीरात मिठापेक्षा पाण्याचा हिशेब बिघडलेला असतो. म्हणून सोडियम कमी दिसल्यावर डॉक्टरांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो 'मूत्रपिंड जादा पाणी बाहेर का टाकत नाही?' हा.

निरोगी माणसाने दोन-तीन लिटर पाणी जास्त प्यायले तर थोड्या वेळाने भरपूर, पाण्यासारखी पातळ लघवी होते आणि विषय मिटतो. हे घडण्यासाठी मेंदूतून येणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक थांबावे लागते, कारण मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवायला सांगणारे संप्रेरक तेच आहे. अंगातले पाणी खरोखर कमी झाले की ते स्रवणे योग्यच आहे. परंतु न्यूमोनिया, मेंदूचे आजार, तीव्र वेदना, मळमळ, शस्त्रक्रियेनंतरचे दिवस आणि नैराश्यावरची, फिटवरची काही औषधे अशा अनेक कारणांनी ते गरज नसतानाही स्रवत राहते. आपल्या सासूबाईंना न्यूमोनिया होता. त्यातच गोळीतला 'एच' म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड. हे औषध मूत्रपिंडाची पातळ लघवी तयार करण्याची क्षमताच कमी करते, सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही बाहेर घालवते, आणि सडपातळ, वयस्कर स्त्रियांमध्ये हा त्रास विशेष दिसतो. खाणे कमी झाल्याने तिसरी अडचण आली. लघवीवाटे पाणी बाहेर टाकायला त्याच्यासोबत क्षार आणि प्रथिनांतून तयार होणारा युरिया जावा लागतो. चहा-बिस्किटे आणि पातळ पेज यांवर दिवस काढणाऱ्या माणसाकडे हे दोन्ही पुरेसे नसतात, म्हणून त्याला पाणी बाहेर काढताच येत नाही. अशा तिहेरी अडचणीत वरून पाणी पाजत राहिले की सोडियम घसरतेच. घरच्यांनी काळजीपोटीच पाणी दिले, त्यांना दोष देण्याचे काही कारण नाही.

आता सलाईन देऊन आकडा उतरला कसा, ते पाहू. साध्या सलाईनच्या, म्हणजे ०.९ टक्के मिठाच्या पाण्याच्या, एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असते. त्यातून १५४ सोडियम आणि १५४ क्लोराइड असे एकूण ३०८ कण-एकक मिळतात. ११४ च्या रक्तात १५४ चे द्रावण सोडले की आकडा वर जायला हवा, असे कोणालाही वाटेल. पण सासूबाईंच्या लघवीचा रिपोर्ट आपण दिला आहे: ऑस्मोलॅलिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांचे प्रमाण, ५६०. म्हणजे त्यांचे मूत्रपिंड एका लिटर लघवीत ५६० एकक कोंबत होते. सलाईनमधले ३०८ एकक मीठ बाहेर टाकायला त्यांना सुमारे ५५० मिली लघवी पुरली. मीठ सगळे गेले, आणि एका लिटरपैकी उरलेले ४५० मिली निव्वळ पाणी अंगात राहिले. त्या वयाच्या ५० किलोच्या स्त्रीच्या शरीरात एकूण पाणी साधारण साडेबावीस लिटर धरतात. त्यात जवळजवळ अर्धा लिटर पाण्याची भर पडल्यावर ११४ चे ११२ होतात. आपल्या रिपोर्टमध्ये नेमका तोच आकडा आला आहे.

यावरून पहिल्या रात्रीचे डॉक्टर चुकले असा निष्कर्ष मी काढणार नाही. ताप आलेला, जेवण तुटलेला, जीभ कोरडी पडलेला वृद्ध रुग्ण रात्री दाखल होतो तेव्हा अंगातले पाणी आणि मीठ दोन्ही कमी झाले आहेत की नुसते पाणी साचले आहे, हे बाहेरून तपासून अनुभवी माणसालाही खात्रीने सांगता येत नाही. थायझाइड, म्हणजे गोळीतला तो 'एच', चालू असताना लघवीतल्या सोडियमचा आकडाही फसवतो. अशा वेळी मोजके साधे सलाईन देऊन काही तासांनी पुन्हा रक्त तपासणे हा मान्य मार्ग आहे. आकडा चढला तर एक निदान, उतरला तर दुसरे. महत्त्वाचे हे की सकाळी त्यांनी रिपोर्ट पाहिला, लघवी तपासली आणि बाटली बदलली. उतरलेला आकडा पाहून तेच सलाईन आणखी जोरात सोडले असते तर मात्र मी काळजीत पडलो असतो.

जी छोटी बाटली आता पंपावर आहे ती ३ टक्क्यांची आहे. तिच्या एका लिटरमध्ये ५१३ सोडियम आणि तितकेच क्लोराइड, म्हणजे एकूण १०२६ कण-एकक असतात. हे प्रमाण त्यांचे मूत्रपिंड लघवीत कोंबत होते त्या ५६० पेक्षा बरेच जास्त असल्यामुळे त्यातले मीठ बाहेर टाकताना शरीराला स्वतःकडचे पाणीही सोडावे लागते. हिशेब सोपा आहे: द्रावणातले सोडियम वजा रक्तातले सोडियम, भागिले शरीरातले पाणी अधिक एक लिटर. ५१३ मधून ११२ गेले, राहिले ४०१. त्याला साडेतेविसाने भागले की १७ येतात. म्हणजे पूर्ण लिटर दिले तर आकडा १७ ने चढेल आणि १०० मिलीची एक बाटली संपल्यावर जेमतेम पावणेदोनने. तासाला १५ मिली या वेगाने २४ तासांत ३६० मिली जातात, त्यातून सुमारे ६ ची वाढ अपेक्षित आहे. डॉक्टरांनी ठरवलेला वेग असा मोजून मापून काढलेला असतो.

आणि ६ चीच वाढ का, २० ची का नको, हा आपल्या प्रश्नाचा गाभा आहे.

रक्तातले सोडियम उतरले की पाणी पेशींमध्ये शिरते. इतर अवयवांना थोडे फुगायला जागा असते. मेंदू कवटीत बंद आहे. सोडियम काही तासांत झपाट्याने पडले तर मेंदूला सूज येऊन फिट येतात, शुद्ध हरपते, प्रसंगी श्वास थांबतो. परंतु ते दोन दिवसांपेक्षा अधिक काळ हळूहळू पडत गेले तर मेंदूच्या पेशी स्वतःला सावरतात. त्या आतले पोटॅशियम आणि काही सेंद्रिय द्रव्ये बाहेर टाकतात, त्यांच्याबरोबर पाणीही निघून जाते आणि सूज आटोक्यात राहते. म्हणूनच ११२ सोडियम असलेली बाई कधी कधी बसून बोलताना दिसते, तर शस्त्रक्रियेनंतर एका रात्रीत १२२ वर आलेल्या तरुणीला फिट येतात. सासूबाईंचा मेंदू त्या आठवड्यात बहुधा असाच सावरलेला होता. बाहेर टाकलेली ती द्रव्ये परत जमवायला मात्र पेशींना काही दिवस लागतात. त्या आधीच बाहेरचे सोडियम झटकन चढवले तर पाणी पेशींमधून वेगाने ओढले जाते, पेशी आकसतात आणि मेंदूतल्या तंतूंवरचे मायलिनचे आवरण निखळू लागते. मेंदूच्या खोडातला पॉन्स हा भाग त्यात सर्वाधिक सापडतो. बोस्टनच्या रेमंड अ‍ॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये या विकाराचे पहिले वर्णन केले, तेव्हा तो मद्यपी आणि कुपोषित रुग्णांचा आजार समजला गेला. सोडियम घाईने वाढवण्याशी त्याचा संबंध १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पक्का होत गेला.

या विकारातली सर्वांत क्रूर गोष्ट म्हणजे त्याची वेळ. सोडियम भराभर चढते, रुग्ण शुद्धीवर येतो, नातेवाइकांना ओळखतो, सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मग दोन ते सहा दिवसांनी बोलणे जड होते, घास गिळता येत नाही, हातपाय लुळे पडतात. काही रुग्ण पूर्ण जागे असूनही फक्त डोळे हलवू शकतात. त्यातून काही जण बरे होतात, पण खात्रीचा इलाज नाही. म्हणूनच दीर्घकाळ कमी असलेले सोडियम २४ तासांत ८ पेक्षा जास्त चढू द्यायचे नाही, ही मर्यादा आम्ही धोक्याच्या रुग्णांमध्ये पाळतो. पोटॅशियम कमी असणे, खाणे तुटलेले असणे, यकृताचा आजार, दारूचे व्यसन आणि १०५ किंवा त्याखालचे सोडियम हे धोके मानले जातात. सासूबाईंच्या बाबतीत यातले पहिले दोन लागू आहेत.

मग फिट आलेल्या रुग्णाला वाट पाहायला लावायचे का? मुळीच नाही. तिथे ३ टक्के सलाईनचे १०० ते १५० मिली दहा-वीस मिनिटांत देतात, गरज पडल्यास पुन्हा देतात. मेंदूची सूज उतरायला सोडियम केवळ ४ ते ६ ने वाढणे पुरेसे असते. आकडा १३५ व्हावा लागत नाही. ही पहिल्या काही तासांतली वाढही दिवसाच्या ८ मध्येच मोजायची असते, आणि व्यवहारात सुटतो तो नेमका हाच हिशेब. सकाळी नऊपर्यंत ६ ने वाढले असेल तर उरलेला दिवस शांत बसण्याचा असतो.

शांत बसता येत नाही ते लघवीमुळे. समजा न्यूमोनिया ओसरू लागला, मळमळ थांबली, गोळीचा अंमल उतरला, तर व्हॅसोप्रेसिन अचानक थांबते आणि साचलेले पाणी धो-धो बाहेर पडू लागते. मग एक थेंबही सलाईन न देता सोडियम दिवसात १५ ने चढू शकते. ज्यांना जुलाब-उलट्यांनी खरोखर शुष्कता आली होती त्यांच्यात तर साध्या सलाईनच्या दोन-तीन बाटल्यांनंतर हे हटकून घडते. म्हणून युरिन बॅगेकडे लक्ष असू द्या. तासाला १०० मिलीपेक्षा जास्त, पाण्यासारखी स्वच्छ लघवी सलग येऊ लागली तर सिस्टरांना लगेच सांगा. बॅग रिकामी करण्यापूर्वी आकडा लिहिला गेला का ते नम्रपणे विचारा. अशा वेळी डॉक्टर ३ टक्के सलाईन थांबवतात, प्रसंगी ५ टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचे पाणी) किंवा डेस्मोप्रेसिन (व्हॅसोप्रेसिनसारखे काम करणारे औषध) देऊन चढलेला आकडा मुद्दाम थोडा खाली आणतात. काल वाढवत होते आणि आज कमी करतात, म्हणून गोंधळून जाऊ नका.

दर चार-सहा तासांनी रक्त काढतात याबद्दल आपण नाराजी व्यक्त केली आहे. वर दिलेले गणित लघवीतून काहीच जात नाही असे धरून चालते, त्यामुळे ते फक्त सुरुवातीचा अंदाज देते. खरी दिशा रक्ताच्या तपासणीवरच कळते. एक गोष्ट मात्र आपण जरूर पाहा. ज्या हाताच्या इंट्राकॅथमधून, म्हणजे शिरेत बसवलेल्या सुईच्या नळीतून, सलाईन चालू आहे त्याच हातातून, त्याच्या वरच्या बाजूने, नमुना घेतला तर त्यात बाटलीतले द्रव मिसळते आणि आकडा भलताच येतो. रक्त दुसऱ्या हातातून घ्यावे. साखर खूप वाढलेली असेल तरीही सोडियम प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते, म्हणून दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचतात.

पोटॅशियमविषयी आपण विचारलेले नाही, पण या रुग्णात ते बाजूला ठेवता येत नाही. शरीरातले सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते, रक्तात अगदी थोडे. म्हणून रक्तातला ३ हा आकडा लहान वाटला तरी आतला तुटवडा मोठा असतो. दिलेले पोटॅशियम पेशीत शिरते आणि त्याच्या बदल्यात सोडियम बाहेर रक्तात येते. परिणामी पोटॅशियम भरून काढले की सोडियमही चढते, आणि ती वाढसुद्धा दिवसाच्या ८ मध्ये धरावी लागते. हे लक्षात न घेतल्यामुळे सलाईन बरोबर मोजूनही आकडा हाताबाहेर जाऊ शकतो. पोटॅशियम देऊनही वाढत नसेल तर मॅग्नेशियम तपासावे, कारण ते कमी असेपर्यंत मूत्रपिंड पोटॅशियम गळू देतच राहते.

पोटॅशियम तोंडाने देता आले तर उत्तम. शिरेतून द्यायचे तर आपल्याकडे मिळणाऱ्या १० मिलीच्या अ‍ॅम्प्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असते. हाताच्या शिरेतून देताना अर्ध्या लिटरमध्ये अशी एकच अ‍ॅम्प्यूल मिसळतात आणि तासाला साधारण १० मिलिइक्विव्हॅलंटपेक्षा वेगाने जाऊ देत नाहीत. ही अ‍ॅम्प्यूल सिरिंजमध्ये भरून थेट शिरेत दिली तर हृदय जागच्या जागी थांबू शकते. टांगलेल्या बाटलीत नुसती टोचून सोडली तरी ती तळाशी, म्हणजे नळीच्या तोंडाशी, साचते. म्हणून औषध घातल्यावर बाटली खाली उतरवून चार-पाच वेळा उलटसुलट करावी लागते. नव्याने रुजू झालेल्या सिस्टरांना मी ही गोष्ट करून दाखवतो. हात चुरचुरतो म्हणून किंवा बाटली लवकर संपावी म्हणून नातेवाइकांनी नळीवरचे चाक फिरवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. साध्या सेटमध्ये २० थेंबांचा एक मिली होतो. अर्धा लिटर आठ तासांत जायचा तर मिनिटाला २१ थेंब पडतात. बघता बघता हे चाळीस-पन्नास झाले तर पोटॅशियमचा वेगही दुपटीवर जातो.

वेगाबद्दल एक दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर सलाईन नेहमी हळूच द्यायचे असा चुकीचा समज होईल. कॉलऱ्याने डोळे खोल गेलेला, नाडी न लागणारा ५० किलोचा माणूस आला तर पहिल्या अर्ध्या तासात रिंगर लॅक्टेट या क्षारयुक्त सलाईनचे दीड लिटर आणि पुढच्या अडीच तासांत आणखी साडेतीन लिटर द्यायचे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आहे. शिरेतून खारे पाणी देण्याची सुरुवातच कॉलऱ्यापासून झाली. स्कॉटलंडमधल्या लीथ इथे डॉ. थॉमस लॅटा यांनी १८३२ मध्ये मरणाच्या दारातले रुग्ण त्याने उठून बसलेले पाहिले. त्याउलट २०११ मध्ये युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या तीन हजारांहून अधिक आजारी मुलांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले, की जुलाब नसलेल्या, गंभीर तापाने रक्ताभिसरण खालावलेल्या मुलांना भराभर द्रव दिल्याने मृत्यू वाढले. डेंग्यूच्या रुग्णात तर वेग दर काही तासांनी बदलतो: ताप उतरतानाचे २४ ते ४८ तास रक्तवाहिन्या गळत असतात, तेव्हा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण, पाहून द्रव द्यावे लागते, गळती थांबल्यावर तेच द्रव परत रक्तात येते आणि बाटली चालूच राहिली तर फुप्फुसांत पाणी भरते. पावसाळ्यात आमच्याकडे धाप लागून येणारे काही रुग्ण डेंग्यूतून बरे होत असतानाच जास्तीच्या सलाईनने अडचणीत आलेले असतात.

पाणी तोडण्याबद्दल आपल्या मनात किंतु आहे तो समजतो. उन्हाळ्यात वृद्धांना पाणी द्या असे आपणच सगळीकडे सांगत असतो. पण सासूबाईंच्या अंगात या घडीला पाणी जास्त आहे आणि ते बाहेर जाण्याची वाट बंद आहे. पाऊण लिटरमध्ये चहा, ताक, सूप, औषधाबरोबरचे पाणी सगळे धरायचे असते. तोंड कोरडे पडले तर चूळ भरू द्या, ओठांना तूप लावा, बर्फाचा छोटा खडा चघळू द्या, तोही मोजायचा. नारळपाणी, ग्लुकोजचे पाणी, लिंबू सरबत हे सगळे 'पाणी'च आहे. ओआरएससुद्धा सध्या डॉक्टरांना न विचारता देऊ नका. त्याच्या लिटरमध्ये सोडियम ७५ असते; जुलाबांसाठी ते अमृत आहे, आणि १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी त्यावर वाचवलेले जीव हा त्याचा पुरावा आहे, पण ज्यांचे मूत्रपिंड पाणी सोडत नाही त्यांच्या सोडियमला ते आणखी खाली नेते. खाणे मात्र वाढवा. घट्ट वरण, अंडे, पनीर, दही यांतून मिळणारी प्रथिने लघवीवाटे पाणी बाहेर काढायला प्रत्यक्ष मदत करतात.

पिवळ्या सलाईनबद्दल माझे मत स्पष्ट आहे: लावू नका. त्या बाटलीत बहुधा डेक्स्ट्रोज असते आणि जीवनसत्त्वांची एक अ‍ॅम्प्यूल मिसळल्याने तिला रंग येतो. अर्ध्या लिटर ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये २५ ग्रॅम साखर असते. एका पोळीतून मिळते साधारण तेवढीच ऊर्जा. साखर शरीरात काही वेळात वापरली जाते आणि मागे राहते ते निव्वळ पाणी, म्हणजे त्यांना जे नको आहे नेमके तेच. डेक्स्ट्रोज-सलाईन असेल तरी त्यातले मीठ साध्या सलाईनइतकेच असते, आणि त्याचा परिणाम पहिल्या रात्री आपण पाहिलाच आहे. अंगात त्राण नसल्याची तक्रार खरी असते, मी ती कधीच हसण्यावारी नेत नाही. पण तिच्यामागे कमी सोडियम, कमी पोटॅशियम, रक्तक्षय, थायरॉइड, नैराश्य यांपैकी काय आहे ते शोधल्याशिवाय टांगलेली बाटली शिरेला सूज आणि खिशाला भार यापलीकडे फारसे काही देत नाही.

मीठ वाढवण्याचा निर्णय स्वतःहून घेऊ नका. कमी सोडियमच्या काही रुग्णांना आम्ही पाणी कमी करून मिठाच्या पुड्या मोजून देतो. परंतु हृदय, यकृत किंवा मूत्रपिंड निकामी होऊन पायांवर सूज आलेल्यांचे सोडियमही कमी दिसते, आणि त्यांना जादा मीठ दिले तर धाप लागते. रक्तदाब असलेल्या सासूबाईंना नेहमीच्या जेवणातले मीठ पुरे. बाजारातले 'लो सोडियम' मीठ मात्र घरातून काढून टाका. त्यात सोडियमची जागा पोटॅशियम क्लोराइडने घेतलेली असते, आणि टेल्मिसार्टनसारखी गोळी पुन्हा चालू झाली तर आज ३ असलेले पोटॅशियम काही आठवड्यांत धोकादायक पातळीला जाऊ शकते.

घरी नेण्यापूर्वी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. थायरॉइड आणि सकाळचे कॉर्टिसॉल (अ‍ॅड्रिनल ग्रंथीचे संप्रेरक) तपासले का. कारण या दोन्हींच्या कमतरतेनेही सोडियम पडते आणि मग उपचार वेगळा असतो. रक्तदाबासाठी आता कोणती गोळी. थायझाइड जातीचे औषध पुन्हा चालू करायचे नाही हे डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहून घ्या, आणि नव्या पाकिटावर हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड यांपैकी नाव दिसले तर गोळी घेण्याआधी फोन करा. पाण्याचे बंधन किती दिवस. न्यूमोनिया बरा झाल्यावर ते सहसा उठते, कायमचे नसते. आणि सोडियम, पोटॅशियम पुन्हा कधी तपासायचे. मी साधारण तीन-चार दिवसांनी एकदा आणि नंतर दोन आठवड्यांच्या आत एकदा पाहतो. सोडियम सुधारल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात बोलणे अडखळू लागले, घास अडकू लागला किंवा हातापायांतली शक्ती गेली, तर सोडियमचा शेवटचा रिपोर्ट चांगला आला होता म्हणून थांबू नका. दर दिवसाच्या आकड्यांचा कागद बरोबर घेऊन त्याच रुग्णालयात परत जा.